सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पेपरात उदाहरणं सोडवायला द्या

तूरडाळ १०० रुपये किलोवरून १५० वर गेली, तर एका कुटुंबाचं किती रुपयांचं नुकसान झालं?

आकडे सोयीचे घेऊ. कुटुंब मोठं आहे, तिमाहीला डाळ आणि भाजी मिळून २४०० रुपये खर्च करतं आणि भाव काहीही असले तरी निम्मे पैसे डाळीवर, निम्मे भाजीवर जातात. म्हणजे आधी १२ किलो डाळ येत होती, आता ८ किलो येते. घरातलं माणूस म्हणेल, बारा किलोमागे पन्नास-पन्नास रुपये जास्त, नुकसान ६०० रुपयांचं. दुकानदार म्हणेल, तुम्ही आता आठच किलो नेता, तेव्हा जादा गेले ते ४००. दोघांचाही हिशेब अपुरा आहे. ते ६०० रुपये हातात आले तरी माणूस महाग डाळ कमी करून भाजी वाढवतो, ही गोष्ट पहिल्याने धरली नाही. आणि कमी डाळ खाण्याचाही काही तोटा असतो, हे दुसऱ्याने सोडून दिलं.

पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं सूक्ष्म अर्थशास्त्र इथे कामाला येतं. कुटुंबाचं समाधान 'डाळीचे किलो गुणिले भाजीवरचे रुपये' असं मांडलं, की आधीचं समाधान १२ × १२०० = १४,४००. भाव १५० झाल्यावर हेच समाधान टिकवायचं तर किती डाळ लागेल? भाजीवरचा खर्च डाळीवरच्या खर्चाइतकाच राहणार, म्हणून १५० × किलोंचा वर्ग = १४,४००. उत्तर ९.८ किलो, आणि एकूण खर्च साधारण २९३९ रुपये. म्हणजे ५३९ रुपये हातात दिले की कुटुंब होतं तिथे परत येतं. प्रश्न उलटा विचारला, भाववाढ टळावी म्हणून कुटुंब जास्तीत जास्त किती रुपये सोडेल, तर उत्तर ४४० येतं. मागणी वक्रावरून दोन भावांमधलं संतोषाधिक्य (ग्राहक जितकं द्यायला तयार असतो आणि प्रत्यक्षात जितकं देतो, त्यातला फरक) काढलं तर ४८७. एका भाववाढीची पाच उत्तरं झाली: ४००, ४४०, ४८७, ५३९, ६००. प्रत्येक उत्तर वेगळ्या प्रश्नाचं आहे आणि ती याच क्रमाने का येतात, हेही सिद्ध करता येतं.

ही केवळ वर्गातली कसरत नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून ठरतो. त्या निर्देशांकाचं पायाभूत वर्ष २०१६ आहे आणि त्यातली वस्तूंची टोपली ठरलेली आहे. ठरलेल्या टोपलीचा नवा खर्च भरून देणं म्हणजे वरचं ६०० चं उत्तर. आपल्या उदाहरणात ते गरजेपेक्षा ६१ रुपयांनी जास्त आहे. निर्देशांकाच्या बाकीच्या भानगडी वेगळ्या, पण हा ६१ रुपयांचा फरक कुठून येतो हे अर्थशास्त्राच्या पदवीधराला कागदावर काढून दाखवता आलं पाहिजे, ही अपेक्षा जादा नाही.

आपल्याकडचे बहुतेक बीए अर्थशास्त्राचे विद्यार्थी ते दाखवू शकत नाहीत. दोष त्यांच्या बुद्धीचा नाही. त्यांना ते कधी करायलाच लावलेलं नसतं. 'समवृत्ती वक्राची वैशिष्ट्ये स्पष्ट करा', 'किंमत परिणामाचे पर्यायता परिणाम व उत्पन्न परिणाम असे विभाजन आकृतीच्या साहाय्याने स्पष्ट करा', आणि मग टिपा लिहा. या प्रश्नांची उत्तरं गाईडमध्ये तयार असतात, आकृतीसकट. विद्यार्थी आकृती चित्रासारखी पाठ करतो आणि चित्रासारखीच काढतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की पदवीच्या मधल्या वर्षांतल्या सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पेपरात निम्म्याहून जास्त गुण आकडे घेऊन सोडवायच्या प्रश्नांना असावेत, आणि त्यासाठी लागणारं गणित विद्यापीठाने पदवीच्या आतच शिकवावं. बारावीला गणित नव्हतं म्हणून कोणाला दाराबाहेर ठेवू नये.

पाठ केलेल्या आकृतीत काय चुकतं ते बघण्यासारखं आहे. भाव वाढल्यावर महाग वस्तू सोडून दुसरीकडे वळणं हा पर्यायता परिणाम, आणि खिसा हलका झाल्यामुळे होणारी घट हा उत्पन्न परिणाम. पर्यायता परिणाम दोन प्रकारांनी काढतात. हिक्सच्या पद्धतीत मधली काल्पनिक रेषा (नव्या भावांत, भरपाई मिळाल्यावर काय काय घेता येईल ते दाखवणारी) जुन्या समवृत्ती वक्राला, म्हणजे सारखंच समाधान देणाऱ्या संयोगांच्या वक्राला, स्पर्श करते. स्लट्स्कीच्या पद्धतीत ती जुन्या संयोगाच्या बिंदूतून जाते. उत्तरपत्रिकांत या दोन्हींची सरमिसळ सर्रास दिसते: रेषा जुन्या बिंदूतून काढायची आणि त्याच बिंदूत ती जुन्या वक्राला स्पर्श करते असंही दाखवायचं. हे होऊच शकत नाही. जुन्या बिंदूत वक्राचा उतार जुन्या भावांइतका असतो आणि ही रेषा तर नव्या भावांची असते. एकाच बिंदूत दोन उतार कुठून आणणार? पण ज्याने आकडे घातलेच नाहीत त्याला ही विसंगती खटकत नाही. आपल्या डाळीच्या उदाहरणात स्लट्स्कीची भरपाई दिली तर उत्पन्न ३००० होतं, डाळ १० किलो येते, म्हणजे घटलेल्या ४ किलोंपैकी २ पर्यायता परिणामाचे आणि २ उत्पन्न परिणामाचे. हिक्सच्या पद्धतीत २.२ आणि १.८. एकदा हाताने काढलं, की दोन पद्धती पुन्हा एकमेकींत मिसळत नाहीत.

आणि हे फक्त विद्यार्थ्यांचं होतं असं नाही. जेकब वायनर हे शिकागोचे नामवंत अर्थशास्त्रज्ञ. १९३१ साली खर्चाच्या वक्रांवर लिहिताना त्यांनी आकृत्या काढणाऱ्या वाँग नावाच्या गणितज्ञाला सांगितलं, की दीर्घकालीन सरासरी खर्चाचा वक्र प्रत्येक अल्पकालीन वक्राच्या (म्हणजे कारखान्याचा आकार ठरलेला असतानाच्या सरासरी खर्चाच्या वक्राच्या) तळातून गेला पाहिजे, आणि तरीही कुठल्याच अल्पकालीन वक्राच्या वर जाता कामा नये. वाँग म्हणाले, असं काढता येणार नाही. वायनरना आक्षेप कळला नाही आणि आकृती चुकीची छापली गेली. कारण अगदी साधं आहे. अल्पकालीन वक्राच्या तळाशी उतार शून्य असतो. तिथे दीर्घकालीन वक्र जर उतरता असेल, तर दोन्ही एकमेकांना स्पर्श करू शकत नाहीत, ते छेदतात. स्पर्श तळाच्या अलीकडे होतो. पुढे १९५० मध्ये लेख पुन्हा छापला तेव्हा वायनरनी ती चूक मुद्दाम तशीच ठेवली, पुढच्या शिक्षक-विद्यार्थ्यांनाही ती दाखवून देण्याचा आनंद मिळावा म्हणून. आपल्याकडे उत्तरपत्रिकांत हीच चूक अजून सापडते, फक्त ती दाखवून देण्याचा आनंद कोणी घेत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: अर्थशास्त्र ही सामाजिक शास्त्रांतली शाखा आहे, ग्रामीण भागातून मराठी माध्यमात शिकून आलेली मुलं गणिताला घाबरून विषय सोडतील, विभागात मुलंच उरणार नाहीत. आक्षेपातली भीती खरी आहे, निष्कर्ष मात्र उलटा काढलेला आहे. गणित न शिकवल्याचा फटका नेमका याच मुलांना बसतो. पुण्या-मुंबईतल्या ज्या मुलांना पुढे दिल्लीत किंवा परदेशात शिकायचं असतं, ती बाहेर क्लास लावून किंवा इंटरनेटवरून हे शिकून घेतात. लातूर किंवा नंदुरबारच्या कॉलेजातल्या मुलीला तिच्या वर्गात जे मिळेल तेवढंच मिळतं. एमएच्या चांगल्या प्रवेश परीक्षांमध्ये आणि भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेत तिच्यासमोर आकड्यांचे प्रश्न येतात, तेव्हा तीन वर्षांत तिला ते एकदाही करायला मिळालेले नसतात. दया म्हणून काढून टाकलेलं गणित तिला असं महागात पडतं.

बरं, लागणारं गणित आहे तरी केवढं? अंदाजपत्रक रेषा (आहे त्या पैशांत काय काय घेता येईल ते दाखवणारी) म्हणजे दोन चलांतलं रेषीय समीकरण, ते दहावीच्या बीजगणितात झालेलं असतं. त्यापुढे उतार म्हणजे डेरिव्हेटिव्ह, घातांकाचा नियम, दोन चलांपैकी एक स्थिर धरून दुसऱ्याचं डेरिव्हेटिव्ह काढणं, कमाल-किमानाची अट आणि थोडा लॉगरिदम. इंटिग्रेशन एका ठिकाणी लागतं, संतोषाधिक्य काढताना, आणि तिथेही सरळ रेषेची मागणी घेतली तर त्रिकोणाच्या क्षेत्रफळावर भागतं. राज्य मंडळाच्या बारावी वाणिज्य शाखेच्या गणितात तर मागणीची लवचिकता डेरिव्हेटिव्हने काढायला शिकवतात. तोच विद्यार्थी पदवीला आला की लवचिकतेचे पाच प्रकार आकृत्यांसह लिहू लागतो. वर चढायच्या ऐवजी तो एक पायरी खाली येतो.

सत्राचे पहिले सहा आठवडे यासाठी पुरतात, अट एवढीच की गणित अर्थशास्त्राच्याच उदाहरणांतून यावं. डेरिव्हेटिव्हची व्याख्या मर्यादेपासून (लिमिट) सुरू केली तर दुसऱ्या आठवड्यात अर्धा वर्ग गळतो. त्याऐवजी एकूण खर्च = १०० + नगांचा वर्ग, असं खर्चाचं समीकरण फळ्यावर लिहावं आणि वर्गाला तक्ता भरायला लावावा. ५ नगांना सरासरी खर्च २५, सीमांत खर्च (नग वाढवताना खर्च ज्या दराने वाढतो तो) १०. ८ नगांना २०.५ आणि १६. १० नगांना दोन्ही २०. १२ नगांना सरासरी २०.३३, सीमांत २४. 'सीमांत खर्च वक्र सरासरी खर्च वक्राला त्याच्या तळाशी छेदतो' हे वाक्य आता पाठ करावं लागत नाही, ते वहीत घडलेलं असतं. कोणी तरी विचारतंच, की ५ नगांचा सीमांत खर्च पाच आणि सहा नगांच्या एकूण खर्चातल्या फरकाने काढला तर ११ येतो, १० का नाही? डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय ते सांगायची वेळ ती. बंधनाखालची कमाल (ठरलेल्या पैशांत जास्तीत जास्त समाधान) शिकवताना ती काढायची लॅग्रांजची रीत आधी आणू नये. आधी अंदाजपत्रक रेषेतून एक चल काढून दुसऱ्यात घालावा, एका चलाचं साधं गणित करावं. हे दहा-बारा वेळा झाल्यावर लॅग्रांज आणला, की तो श्रम वाचवणारा वाटतो.

दुसऱ्या टोकाची चूकही सांगितली पाहिजे, कारण जिथे गणित आलं आहे तिथे ती झालेली दिसते. काही ठिकाणी सूक्ष्म अर्थशास्त्र म्हणजे लॅग्रांजचं यंत्र फिरवणं झालं आहे. समीकरण मांडा, डेरिव्हेटिव्ह काढा, शून्याबरोबर ठेवा, उत्तराखाली दोन रेघा मारा. समजा समाधान = एका वस्तूच्या नगांचं वर्गमूळ × ४० + उरलेले रुपये, आणि वस्तूचा भाव २ रुपये. यंत्र सांगतं, १०० नग घ्या. त्याला २०० रुपये लागतात. ग्राहकाकडे १५० च असतील तर? यंत्राचं उत्तर तेच राहतं आणि उरलेले रुपये उणे ५० येतात. खरं उत्तर टोकाचं आहे: सगळे पैसे खर्चून ७५ नग. समाधान दोन वस्तूंच्या वर्गांची बेरीज असेल, तर गोष्ट आणखी बिघडते. भाव सारखे असताना यंत्र दोन्ही वस्तू निम्म्या-निम्म्या घ्यायला सांगतं, आणि तो बिंदू त्या रेषेवरचा सर्वांत वाईट बिंदू असतो. समवृत्ती वक्र आरंभबिंदूशी बहिर्गोल असतो हे वैशिष्ट्य गाईडमध्ये तिसऱ्या क्रमांकावर पाठ केलेलं असतं. ते नसलं तर काय होतं, हे या एका उदाहरणात कळतं. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने असे दोन प्रश्न दरवर्षी घातले, तर यंत्र फिरवणारे आणि विचार करणारे लगेच वेगळे दिसतील.

चांगला प्रश्न कसा असतो? राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातल्या दर माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. आधी तांदूळ ३ रुपयांनी आणि गहू २ रुपयांनी मिळत होता, जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. चार माणसांचं कुटुंब, २० किलो रेशनचं, बाजारभाव ३५ रुपये, घरात ६००० रुपये. अंदाजपत्रक रेषा काढा. आडव्या अक्षावर धान्य आणि उभ्यावर उरलेले रुपये घेतले, तर ती २० किलोंपर्यंत आडवी जाते, तिथे वाकते आणि पुढे ३५ च्या उताराने उतरते. आता विचारा: महिन्याला ४० किलो धान्य खाणाऱ्या कुटुंबाला धान्याऐवजी रोख द्यायची तर किती द्यावी? बरोबर ७००, कारण त्याच्या दृष्टीने ते धान्य म्हणजे २० × ३५ रुपयांची रोकडच. आणि ज्या कुटुंबाने बाजारभावाने १२ किलोच घेतलं असतं, ते कोपऱ्यावर असतं. त्याला ७०० रुपये रोख दिले तर ते धान्यापेक्षा ती रोख पसंत करील. उरलेलं धान्य विकता आलं तर रेषा कशी बदलेल? हा प्रश्न १५ गुणांचा ठेवावा: रेषेला ४, कोपऱ्याला ३, दोन कुटुंबांना मिळून ५, शेवटच्या भागाला ३. रोख द्यावी की धान्य, हा वाद एवढ्यावर मिटत नाही. खेड्यात धान्याचं दुकान किती लांब आहे, भाव वाढले तर रोख वेळेवर वाढते का, घरात पैसा कोणाच्या हातात जातो, हे सगळं आहेच. पण या आकृतीशिवाय वाद करणारे एकमेकांच्या शेजारून बोलत राहतात.

उसाचंही तसंच. महाराष्ट्रात दोन साखर कारखान्यांमधलं हवाई अंतर किमान २५ किलोमीटर असावं असा नियम आहे. तोडलेला ऊस लांब नेला की साखर उतारा घटतो. म्हणजे अनेक शेतकऱ्यांसमोर खरेदीदार एकच उरतो. सरकार रास्त आणि किफायतशीर दर बांधून देतं. पूर्ण स्पर्धेचं पाठ केलेलं उत्तर म्हणतं, बाजारभावाच्या वर किमान दर बांधला की खरेदी घटते. खरेदीदार एकटा असेल तर? पुरवठ्याचा दर = १०० + माल, आणि मालाच्या प्रत्येक नगाचं कारखान्याला मूल्य ३००, असं धरू. जास्त माल घ्यायचा तर सगळ्याच मालाला जास्त दर द्यावा लागतो, म्हणून सीमांत खर्च १०० + मालाची दुप्पट. कारखाना १०० नग घेतो आणि दर देतो २००. आता किमान दर २६० बांधला. १६० नगांपर्यंत प्रत्येक नग २६० लाच पडतो, ३०० पेक्षा स्वस्त, म्हणून खरेदी १६० वर जाते. दर वाढला आणि मालही वाढला. दर ३०० च्या वर नेला, की मात्र कारखाना हात आखडतो. खऱ्या कारखान्याचे आकडे असे सरळ नसतात, कारखान्यांचे सभासद शेतकरीच असतात, थकबाकी असते, राजकारण असतं. तरीही 'किमान दर नेहमी खरेदी घटवतो' हे वाक्य कुठे खोटं ठरतं, हे विद्यार्थ्याला चार ओळींत दाखवता येतं.

गिफेन वस्तूबद्दल, म्हणजे भाव वाढला की जास्त घेतल्या जाणाऱ्या वस्तूबद्दल, थोडक्यात. गाईडमध्ये आयर्लंडच्या दुष्काळातला बटाटा असतो. त्या उदाहरणाला भक्कम पुरावा नाही. दुष्काळात बटाट्याचं पीकच गेलं होतं, मग भाव चढल्यावर लोकांनी जास्त बटाटा खाल्ला कुठून? २००८ साली जेन्सन आणि मिलर यांनी चीनच्या हुनान प्रांतातल्या गरीब कुटुंबांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. तांदूळ स्वस्त करून दिला तेव्हा या कुटुंबांनी तो कमी खाल्ला. हे उदाहरण द्यावं आणि उत्पन्न परिणाम पर्यायता परिणामाला मागे टाकण्यासाठी काय काय लागतं ते विचारावं: वस्तू हीन (उत्पन्न वाढलं की कमी घेतली जाणारी) हवी, खर्चात तिचा वाटा मोठा हवा, आणि माणूस गरीब हवा, पण इतकाही नाही की त्याच्याकडे त्या वस्तूशिवाय दुसरं काही नसेल.

'माणूस असा हिशेबी नसतोच, मग हे सगळं कशाला?' असंही विचारतात. माणूस कुठे आणि किती हिशेबी नाही, हे मोजायला आधी हिशेबाचं उत्तर हातात असावं लागतं. या वादावर याहून जास्त शाई घालवण्यात अर्थ नाही.

परीक्षेच्या बाजूने एक फायदा असा की आकड्यांची उत्तरं तपासायला सोपी असतात. दोन परीक्षकांनी एकच निबंधवजा उत्तर तपासलं तर दहापैकी ४ आणि ७ असे गुण पडू शकतात. रेशनच्या प्रश्नात तसं होत नाही. पायरीनिहाय गुण छापील दिले, तर केंद्रीय मूल्यमापनाच्या ढिगाऱ्यातही न्याय होतो. चुकीच्या आकड्यावरून पुढे बरोबर रीत वापरली असेल तर रीतीचे गुण द्यायचे, हे मात्र लेखी ठरवावं लागेल, नाहीतर पहिल्याच बेरजेत चुकलेल्याला भोपळा मिळतो.

खरी अडचण आहे ती तासांची. व्याख्यानाला ८० मुलं चालतात, उदाहरणं सोडवून घ्यायला २०-२५ च्या वर जमत नाहीत. कारण शिक्षकाला प्रत्येक वहीत डोकवावं लागतं, आणि चूक कुठल्या ओळीत झाली ते मुलाकडूनच काढून घ्यावं लागतं. म्हणजे आठवड्याला एका वर्गाचे तीन-चार ट्युटोरियल तास. अनेक कॉलेजांत सूक्ष्म अर्थशास्त्राचा पेपर तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाकडे असतो. त्याला घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, वह्या तपासण्याचे मिळत नाहीत. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी प्रश्नपत्रिकेचा आराखडा बदलावा, पण त्याच ठरावात ट्युटोरियलचा तास कार्यभारात धरला जाईल आणि त्याचं मानधन व्याख्यानाइतकंच असेल, हेही लिहावं. शासनाने त्या तासांना मान्यता दिली नाही, तर नवा आराखडा आला तरी वर्षभरात त्याचंही गाईड निघेल, पंचवीस सोडवलेल्या उदाहरणांचं, फक्त आकडे बदललेले.